वळसा ८३३.७ मीटर: चालण्याचं अंतर आणि पेस नेमका मोजण्याच्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५

जागा: नागपूर, प्रतापनगर भागातल्या एका कॉलनीभोवतीचा रोजचा वळसा. गटात सहा जण. याच वळशाच्या सहा फेऱ्यांना एक मोबाइल ४.९ किमी दाखवतो, दुसरा ५.३, आणि एक मनगटी घड्याळ ५.१. तिघांपैकी खरं कोण, हे तिघांना एकमेकांशी ताडून कळणार नाही. आधी वळशाची लांबी मोबाइलला न विचारता मोजायची, मग प्रत्येक यंत्र त्या लांबीवर तपासायचं, असं ठरलं.

किती नेमकं हवं ते आधीच ठरवलेलं बरं. रस्त्याची लांबी हजारात एक, म्हणजे किलोमीटरमागे १ मीटरपर्यंत. यंत्राची चूक शंभरात एकपर्यंत. त्यामागचा हिशोब साधा आहे. किलोमीटरला १२ मिनिटं, म्हणजे ७२० सेकंद लागत असतील, तर १ टक्का चूक ७ सेकंदांची होते. महिनाभर नेटाने चालून पेस, म्हणजे किलोमीटरला लागणारा वेळ, १५ सेकंदांनी सुधारला, पण ॲप कधी ३ टक्के जास्त तर कधी ३ टक्के कमी मोजत असेल, तर ती सुधारणा २२ सेकंदांच्या गोंधळात बुडून जाते.

रोज सारखीच होणारी चूक फार त्रास देत नाही. एका आकड्याने गुणलं की ती जाते. रोज बदलणारी चूक मात्र कशानेही जात नाही. त्यामुळे पुढच्या प्रत्येक चाचणीत वाचन किती आलं यापेक्षा तेच वाचन पुन्हा येतं का, हे आधी बघायचं.

साहित्य: ५० मीटरची पोलादी टेप (कापडी किंवा फायबरची ताणली जाते, ती नको), ५ किलोचा स्प्रिंगचा वजनकाटा, खडू, पिवळा ऑइलपेंट, काँक्रीटचे खिळे, २६ इंची चाकाची ३६ स्पोकची सायकल, टायरचा हवा-गेज, थर्मामीटर, आणि बोटात घालायचा जपाचा काउंटर. हा शेवटचा पूजासाहित्याच्या दुकानात मिळतो. पावलं आणि चाकाचे फेरे मोजायला त्याच्याइतकी स्वस्त आणि खात्रीची वस्तू नाही.

५ जानेवारी

आधाररेषा आखली. शर्यतीचे मार्ग मोजणारे किमान ३०० मीटर सरळ रस्ता घेतात. इथे सलग सरळ असा २०० मीटरच मिळाला, म्हणून टेपच्या चार लांब्या. वेळ सकाळी ६:४५, तापमान १४ अंश, रस्त्यावर गाड्या नाहीत.

टेपच्या सुरुवातीलाच छापलेलं असतं की ती २० अंश सेल्सियस आणि ५० न्यूटन ताणाला बरोबर आहे. ५० न्यूटन म्हणजे वजनकाट्यावर साधारण ५ किलो. काटा टेपच्या कडीत अडकवून ५ वर येईपर्यंत ओढायचं, दुसऱ्याने खडूऐवजी खिळ्याच्या टोकाने खूण करायची. खडूची रेघ ५-६ मिलिमीटर जाड असते. चार लांब्यांत ती चूक दोन सेंटिमीटरवर जाऊ शकते.

थंडीची दुरुस्ती: पोलाद अंशामागे मीटरला ०.०११६ मिमी आक्रसतं. ६ अंश कमी, २०० मीटर, म्हणजे १४ मिमी. थंडीत टेप आखूड झालेली असते, त्यामुळे टेपचे २०० मीटर खरे १९९.९८६ मीटर भरतात. शेवटचा खिळा १४ मिमी पुढे सरकवून ठोकला. मे महिन्यात ४५ अंशांना हेच काम केलं असतं तर टेप उलट ५८ मिमी लांब निघाली असती. फिटनेससाठी ही दुरुस्ती सोडली तरी चालेल. पण आधाररेषा एकदाच आखायची असते आणि पुढचं सगळं तिच्यावर उभं राहतं, म्हणून केली.

उलट दिशेने पुन्हा टेप लावली. फरक ८ मिमी. पुरेसा.

११ जानेवारी

चाकाचं मापन. टायरवर २६ × १.९५ छापलंय, पण त्यावरून परीघ काढायचा नाही. हवा, वजन आणि टायरची झीज यांवर तो ठरतो. स्वार बसल्यावर टायर दबतो, म्हणून ज्याने वळसा मोजायचा त्याच माणसाने आधाररेषेवर सायकल चालवायची, तीही त्याच कपड्यांत, त्याच पिशवीसह.

पद्धत: हवा ४० पीएसआय. पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह अगदी खाली, पहिल्या खिळ्यावर. एका स्पोकला पातळ प्लॅस्टिकची पट्टी बांधलेली, ती दर फेऱ्याला चिमट्याच्या काडीवर टक् वाजते. ताशी ७-८ किमीने चालवलं की सेकंदाला साधारण एक टक् होतो, तेवढं अंगठ्याने काउंटरवर मोजता येतं. याहून जोरात गेलं की मोजणी चुकते. हळू गेलं की हँडल डुलतं, चाक नागमोडी जातं आणि अंतर फुगतं. दुसऱ्या खिळ्यावर पोचल्यावर व्हॉल्व्ह तळापासून किती स्पोक पुढे गेला ते मोजायचं. ३६ स्पोक, म्हणजे एक स्पोक सुमारे ५.७ सेमी.

चार खेपा: ९७ फेरे १७ स्पोक, ९७ आणि १९, ९७ आणि १८, ९७ आणि १८. सरासरी ९७.५ फेरे. २०० ला ९७.५ ने भागून परीघ २.०५१३ मीटर. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत दोन स्पोक, म्हणजे २०० मीटरमागे ११ सेमी. हजारात अर्ध्याच्या आसपास. हवं होतं तेवढं हातात आलं.

एक चूक टाळायची: सायकल हातात धरून चालत नेणं. वजन नसल्याने परीघ वेगळा येतो आणि पुढचं चाक सतत डुलतं.

१२ जानेवारी

वळसा मोजला. सुरुवात पाण्याच्या टाकीसमोरच्या विजेच्या खांबाशी, तिथे फुटपाथच्या कडेवर खिळा आणि पिवळी रेघ. चाकाची रेषा फुटपाथच्या कडेपासून ३० सेमी रस्त्याच्या बाजूला, वळणावरही तेवढीच.

पहिली फेरी ४०६ फेरे १२ स्पोक: ८३३.५ मीटर.
दुसरी ४०९ फेरे ३ स्पोक: ८३९.२ मीटर.
तिसरी ४०६ फेरे २० स्पोक: ८३४.० मीटर.

दुसरी बाद. तिच्यात दुधाची गाडी आणि दोन उभ्या कार यांना वळसा घालावा लागला, हे त्याच वेळी वहीत लिहिलं होतं. नुसता आकडा आवडला नाही म्हणून वाचन काढून टाकायचं नाही. कारण तिथल्या तिथे नोंदलेलं असेल तरच काढायचं. उरलेल्या दोघांत फरक ४६ सेमी. सरासरी ८३३.७ मीटर.

लगेच आधाररेषेवर दोन खेपा पुन्हा केल्या: ९७ आणि १८, ९७ आणि १७. टायर बदललेला नाही. मोजणीच्या आधी आणि नंतर अशी दोन्ही वेळा आधाररेषेवर यायलाच हवं, नाहीतर मधल्या वेळात पंक्चर हळूहळू बसत होतं की काय हे कळत नाही.

सहा फेऱ्या ५,००२ मीटर. योगायोगाने ५ किमीचं काम झालं. पहिला किलोमीटर एक पूर्ण फेरी अधिक १६६.३ मीटरवर भरतो, तिथेही पिवळी खूण केली.

शर्यतीचा मार्ग कधीच आखूड भरू नये म्हणून मोजणारे किलोमीटरमागे १ मीटर मुद्दाम वाढवतात. इथे विक्रम मान्य करून घ्यायचा नाही, खरी लांबी हवी आहे, म्हणून ती वाढ घेतली नाही.

१८ जानेवारी

लांबी रस्त्याची झाली, पण माणूस त्या रेषेवर चालतो का? आज सहाही जणांना नेहमीसारखं चालायला सांगून मागून पाहिलं. तिघे जण कडेपासून दीड ते अडीच मीटर बाहेरून चालतात, कारण फुटपाथवर कुंड्या, जनरेटर आणि उभ्या स्कूटर आहेत.

बाहेरून चालण्याचा भाव भूमिती ठरवते. वळसा गोल असो, लांबट असो, वेडावाकडा असो, मोजलेल्या रेषेपासून सतत 'अ' मीटर बाहेरून चाललं आणि वळणं गोलाईने घेतली, तर फेरीमागे २ × ३.१४१६ × अ एवढं अंतर वाढतं. २ मीटर बाहेरून म्हणजे १२.६ मीटर, दीड टक्का. सहा फेऱ्यांत ७५ मीटर. वळशाच्या एकूण लांबीशी या वाढीचा संबंध नाही. त्यामुळे वळसा जितका लहान तितका टक्का मोठा. बागेतल्या २०० मीटरच्या ट्रॅकवर तेच २ मीटर सव्वासहा टक्के खातात.

उपाय म्हणून दुसरी रेषा मोजली: पहिल्या रेषेपासून २ मीटर बाहेरची. चाकाने ८४६.५ आले, गणिताने ८४६.३ येतात. गटाने आता हीच चालण्याची रेषा मानली आहे. तिच्या सहा फेऱ्या ५,०७८ मीटर होतात. यंत्रांच्या चाचणीसाठी मात्र ३० सेमीची रेषा पक्की. त्या दिवशी पहाटे लवकर येऊन खडूने टिंबं काढायची.

२५ जानेवारी

पावलांची लांबी. घड्याळ आणि मोबाइल जिथे जीपीएस नसतं तिथे पावलं मोजून त्यांना पावलाच्या लांबीने गुणतात. ती लांबी बहुतेक वेळा उंचीवरून धरलेली असते: उंचीच्या ०.४१५ पट, स्त्रियांसाठी ०.४१३ पट. सुरुवात करायला ठीक. पण माणसाचं पाऊल उंचीपेक्षा वेगाने जास्त बदलतं, आणि नेमकं हेच गुणाकारात धरलेलं नसतं.

चाचणी १७० सेमी उंचीच्या एका सभासदावर. फक्त उजवं पाऊल टेकेल तेव्हा काउंटर दाबायचा आणि दुप्पट करायची. दोन्ही पावलं मोजायला गेलं की अंगठा मागे पडतो.

सावकाश: फेरीला १२ मिनिटं ३० सेकंद, १,३०२ पावलं. पाऊल ६४.० सेमी, मिनिटाला १०४ पावलं.
नेहमीचा वेग: १० मिनिटं, १,१६६ पावलं. पाऊल ७१.५ सेमी, मिनिटाला ११७.
झपाझप: ८ मिनिटं २० सेकंद, १,०७६ पावलं. पाऊल ७७.५ सेमी, मिनिटाला १२९.

उंचीच्या सूत्राने पाऊल ७०.६ सेमी येतं. नेहमीच्या वेगाला ते दीड टक्क्याच्या आत बसतं, वाईट नाही. पण नेहमीच्या वेगाची ७१.५ सेमी लांबी घड्याळात पक्की भरून सावकाश चाललं, तर ते ८३४ ऐवजी ९३१ मीटर सांगेल, म्हणजे पावणेबारा टक्के जास्त. झपाझप चाललं तर ७६९ सांगेल, पावणेआठ टक्के कमी. दमून हळू चालणाऱ्याला जास्त आणि मन लावून भरभर चालणाऱ्याला कमी! व्यायामाच्या नोंदीत याहून उलटा न्याय दुसरा नसेल.

म्हणून एका लांबीऐवजी एक सरळ रेषा बसवली:

पाऊल (मीटर) = ०.७१२ + ०.००५४ × (मिनिटाची पावलं − ११७)

तिन्ही वेगांना चूक १ टक्क्याच्या आत. हे सूत्र या एकाच माणसाचं आहे. प्रत्येकाने तीन वेगांच्या तीन फेऱ्या करून आपलं काढायचं, अर्ध्या तासाचं काम आहे. बूट बदलून चपला घातल्या की पाऊल आखूड होतं, तेव्हा चालायचं त्याच पायताणात मोजायचं. मिनिटाला १०० पावलं ही मध्यम श्रमाची ढोबळ खूण म्हणून सर्रास वापरली जाते. गटातल्या सर्वांचा नेहमीचा वेग तिच्या वर आहे.

२६ जानेवारी

पावलं तरी नीट मोजली जातात का? हाताने मोजलेली ५०० पावलं, मोबाइल वेगवेगळ्या जागी ठेवून.

पँटच्या पुढच्या खिशात ४९८. सदऱ्याच्या सैल खिशात ५०७, कारण फोन पावलाव्यतिरिक्तही हिंदकळतो. हातात धरून स्क्रीन बघत ४८६. खांद्यावरच्या पिशवीत ४७१. मनगटी घड्याळ हात मोकळा असताना ४९९, पण तोच हात बाबागाडीच्या दांड्यावर ठेवला की ३१२. मनगट हललंच नाही तर त्याला पावलाचा झटका फारच बारीक कळतो. भाजीची पिशवी धरलेल्या हातातही असंच होतं. घड्याळ मोकळ्या हातात घालावं.

दुसरी गळती थांबत-थांबत चालण्याची. खोटे धक्के गाळण्यासाठी पावलं मोजणारी बरीच यंत्रं सलग काही पावलं पडेपर्यंत थांबतात आणि मग मोजायला लागतात. घरातल्या घरात चार-सहा पावलांच्या हालचाली यात सुटतात. सलग वळशात हा प्रश्न नाही.

२ फेब्रुवारी

जीपीएसची पहिली चाचणी. खडूच्या टिंबांवरून सहा फेऱ्या, खरं अंतर ५,००२ मीटर.

सुरू करण्याआधी प्रत्येक यंत्र मोकळ्या जागी दोन मिनिटं स्थिर ठेवलं. उपग्रहाच्या कक्षेची माहिती संदेशातून ३० सेकंदांच्या चक्राने येते. मोबाइल ती इंटरनेटवरून आधीच मिळवतो, घड्याळाला कधी कधी आकाशातूनच घ्यावी लागते. घरातून निघतानाच 'स्टार्ट' दाबलं की पहिली ५०-१०० मीटर रेघ छपरांवरून उड्या मारते, आणि त्या उड्याही अंतरात धरल्या जातात.

वाचनं: मोबाइल १ (एकाच वारंवारतेचा, एल१) ५.१३ किमी. मोबाइल २ (एल१ आणि एल५ दोन्ही) ५.०४. घड्याळ, दर सेकंदाला बिंदू, ५.०७. तेच घड्याळ बॅटरी वाचवण्याच्या मोडमध्ये ४.८१.

एल१ म्हणजे १५७५.४२ मेगाहर्ट्‌झ, एल५ ११७६.४५. एल५चा संकेत भिंतींवरून परावर्तित होऊन आलेल्या संकेतापासून वेगळा ओळखता येतो, म्हणून तीन-चार मजली इमारतींच्या गल्लीत तो सरस ठरतो. आपलं नाविक (भारताची स्वतःची उपग्रह दिशादर्शन प्रणाली) सुद्धा एल५वर प्रसारण करतं. नवा फोन घेताना चालणाऱ्याने कॅमेऱ्याआधी ही ओळ वाचावी.

अंतर फुगतं का? बिंदू थोडे इकडेतिकडे पडतात आणि ते जोडणारी रेघ करवतीसारखी होते. ताशी ५ किमीला सेकंदाचं अंतर १.३९ मीटर. प्रत्येक बिंदू बाजूला फक्त अर्धा मीटर डगमगला, आणि डगमग एकमेकींपासून स्वतंत्र असेल, तर तुकडा १.५६ मीटरचा होतो: १२ टक्के वाढ. तीच डगमग ५ सेकंदांच्या, ६.९५ मीटरच्या तुकड्यावर अर्धा टक्काच वाढवते. प्रत्यक्षात लागोपाठच्या चुका एकाच दिशेला झुकलेल्या असतात आणि यंत्र रेघ गुळगुळीत करतं, म्हणून १२ टक्के दिसत नाहीत, १-३ दिसतात.

आणि आखडतं का? बॅटरी वाचवताना बिंदू दूर दूर पडतात. ३० सेकंदांत ४२ मीटर चालणं होतं. काटकोनी वळण नेमकं मध्ये आलं तर यंत्र कोपरा तिरका कापून २९.५ मीटरच धरतं. १२ मीटर गेले. वळशात अशी चार मोठी वळणं, सहा फेऱ्यांत चोवीस. प्रत्येक वळणावर पूर्ण तोटा होत नाही, तरी १९० मीटर कसे हरवले ते यात दिसतं.

दोन्ही चुका एकाच फेरीत एकमेकींना खातात आणि कधी कधी आकडा अगदी बरोबर येतो. तो बरोबर आला म्हणून यंत्र बरोबर ठरत नाही. गुणक ठरवण्याआधी तीन वेगवेगळ्या दिवशी सहा-सहा फेऱ्या करायच्या.

९ फेब्रुवारी

तीन दिवसांची वाचनं हातात आली. मोबाइल १: ५.१३, ५.०६, ५.१९. मोबाइल २: ५.०४, ५.०५, ५.०३. घड्याळ सेकंद मोडमध्ये: ५.०७, ५.०७, ५.०९.

घड्याळाची सरासरी ५.०७७, गुणक ५.००२ ÷ ५.०७७ = ०.९८५. मोबाइल २ चा गुणक ०.९९२. मोबाइल १ ला गुणक द्यायचा नाही. त्याची वाचनं आपसातच अडीच टक्के हलतात, कोणताही आकडा त्याला सरळ करणार नाही. त्याच्या मालकाने वळशावर फेऱ्या मोजाव्यात, अंतर आपोआप मिळतं.

हे गुणक याच कॉलनीचे. फुटाळा तलावाच्या काठावर एका बाजूला सगळं आकाश मोकळं असतं, तिथे घड्याळाचा गुणक १ च्या जवळ सरकेल. ते वेगळं तपासायचं.

१६ फेब्रुवारी

वर्धा रोड. ३.१४ किमीचा दुमजली उड्डाणपूल: खाली रस्ता, त्यावर महामार्गाचा पूल, त्याहून वर मेट्रो. चालणाऱ्यासाठी डोक्यावरचं आकाश दोनदा झाकलेलं. छत्रपती चौकाच्या परिसरात पुलाखालून ६०० मीटरचा तुकडा चाकाने मोजून घेतला (२९२ फेरे १८ स्पोक) आणि चार खेपा चाललो.

घड्याळ: ६९०, ५७०, ६४०, ७२० मीटर. मोबाइल २: ६५०, ६१०, ६८०, ५९०. डोक्यावरचे उपग्रह झाकले जातात, उरतात ते क्षितिजाजवळचे, आणि त्यांचे संकेतही समोरच्या इमारतींवर आपटून येतात. दोन वारंवारतांनी फायदा होतो, पण पुरेसा नाही. इथे गुणक चालत नाही.

पावलांचं सूत्र चाललं. मिनिटाला ११९ पावलं, पाऊल ०.७२३, मोजलेली पावलं ८३८, अंतर ६०६ मीटर. १ टक्का जास्त. पुलाखालच्या तुकड्यापुरतं जीपीएस बंद करून 'इनडोअर वॉक' मोड लावायचा आणि त्यात आधी काढलेली पावलाची लांबी भरायची. किंवा सर्व्हिस रोडच्या दुकानांच्या बाजूने चालायचं, तिथे निदान अर्धं आकाश मिळतं.

खांब मोजून अंतर काढायचा मोह होतो. करू नये. चौकांवर गाळा लांब ठेवलेला असतो, सगळे खांब सारख्या अंतरावर नाहीत.

२२ फेब्रुवारी

जीपीएक्स फाइलीतून (जीपीएसने नोंदलेले सगळे बिंदू जिच्यात असतात ती) स्वतः अंतर काढलं, ॲपचं गाळण बाजूला ठेवून. तीन गोष्टी पाहिल्या.

अक्षांश-रेखांश किती दशांशांपर्यंत लिहिलेत: पाच दशांश म्हणजे १.१ मीटरची पायरी, सहा म्हणजे ११ सेमी. पाचवाली फाइल चालण्याच्या वेगाला भरड पडते, सेकंदाचा तुकडा कधी १.१ तर कधी २.२ येतो.

नागपूर २१.१५ अंश उत्तरेला. इथे अक्षांशाचा एक अंश ११०.७२ किमी, रेखांशाचा १०३.८७. ज्या सूत्रात पृथ्वी ६,३७१ किमी त्रिज्येचा गोल मानलेली असते, ते इथे उत्तर-दक्षिण अंतर ०.४३ टक्के जास्त आणि पूर्व-पश्चिम ०.१६ टक्के कमी देतं. ५ किमी सरळ उत्तरेकडे चाललं तर २१ मीटर फुकटचे. वळशात बरंचसं भरून निघतं, सरळ मार्गावर नाही. स्प्रेडशीटमध्ये वरचे दोन आकडे वापरून साधं पायथागोरस केलं की एवढ्या लहान भागात गोलाच्या सूत्रापेक्षा उत्तर चांगलं येतं.

आणि बिंदू दर ५ सेकंदांनी एक असे चाळले. ५.०७ चे ५.०२ झाले. १० सेकंदांनी ४.९७. पाचावर थांबलो.

१ मार्च

पेस. अंतर सुटलं की पेस सुटला असं वाटतं, पण इथे हिशोबाच्या चुका जास्त.

एक फेरी १२:३० मध्ये आणि दुसरी ८:२० मध्ये. वेग ताशी ४ आणि ६ किमी. सरासरी ५ नाही. एकूण २० मिनिटं ५० सेकंदांत १,६६७ मीटर, म्हणजे ताशी ४.८. हळू फेरीत वेळ जास्त गेला, म्हणून तिचं वजनही जास्त. अंतर सारखं असेल तर पेसची सरासरी चालते (१५:०० आणि १०:००, मध्य १२:३०, बरोबर). वेळा सारख्या असतील तर वेगाची चालते. गोंधळ नको असेल तर दर वेळी एकूण वेळ भागिले एकूण अंतर करावं.

१२:३० म्हणजे १२.३० नाही. साडेबारा मिनिटं म्हणजे १२.५०. गटाच्या वहीत अशा चार नोंदी सापडल्या, दुरुस्त केल्या. स्प्रेडशीटमध्ये १२:३० टाइप केलं की ते दुपारचे साडेबारा होतात. ०:१२:३० असं भरायचं. आत तो आकडा दिवसाचा अपूर्णांक असतो, मिनिटं हवी तर १,४४० ने गुणायचं.

ऑटो-पॉज, म्हणजे माणूस थांबला की वेळ मोजणं आपोआप थांबवणारा पर्याय, बंद ठेवला. सिग्नलला थांबल्यावर त्याला कळायला काही सेकंद जातात, पुन्हा निघाल्यावरही तेच. सावकाश चालणाऱ्याला तो चालता चालताच थांबलेला समजतो. वहीत दोन वेळा लिहायच्या: एकूण आणि थांबे वजा केलेली. पेस कोणत्या वेळेवरून काढला तेही.

घड्याळावरचा क्षणाचा पेस चालताना बघू नये. तो ११:०० ते १३:३० असा हिंदकळत राहतो. 'लॅप पेस' (फक्त चालू फेरीचा पेस) लावून दर फेरीला बटण दाबायचं. बटण आपोआप नको, पिवळ्या रेघेवर हाताने. आपोआप लॅप जीपीएसच्या किलोमीटरवर पडतो, आणि तोच तर तपासायचा आहे.

८ मार्च

मानकापूरच्या क्रीडा संकुलासारख्या ठिकाणी जाणाऱ्यांसाठी ट्रॅकचा तक्ता. प्रमाण ४०० मीटरच्या ट्रॅकला सरळ बाजू ८४.३९ मीटर, वळणाची त्रिज्या ३६.५० मीटर, आणि पहिल्या लेनची लांबी कडेपासून ३० सेमीवर मोजतात. लेन १.२२ मीटर रुंद. बाकीच्या लेन आतल्या रेषेपासून २० सेमीवर धरतात: दुसरी ४०७.०, चौथी ४२२.४, आठवी ४५३.० मीटर. सरावाला येणाऱ्या खेळाडूंना आतल्या लेन मोकळ्या ठेवून चालणारे बाहेरून जातात, ते योग्यच. मग आठव्या लेनच्या बारा फेऱ्या ५,४३६ मीटर होतात, ४,८०० नव्हे. मैदानावर चुन्याने आखलेला प्रत्येक लंबगोल ४०० मीटरचा नसतो. तिथे चाक फिरवावंच लागतं.

१५ मार्च

सेमिनरी हिल्स. चढामुळे अंतर किती वाढतं याबद्दल बरेच गैरसमज आहेत. ५ टक्के चढावर तिरकी लांबी नकाशावरच्या आडव्या लांबीपेक्षा फक्त ०.१२ टक्के जास्त. अंतर सोडून द्या. पेस मात्र चांगलाच बदलतो, म्हणून चढाच्या मार्गाचा पेस सपाट वळशाच्या वहीत लिहायचा नाही. चढ मोजायचा तर जीपीएसची उंची नको, ती आडव्या स्थानापेक्षा जास्त चुकते. दाबमापी असलेलं घड्याळ बरं. नागपूरच्या उंचीला १ हेक्टोपास्कल म्हणजे साधारण ९ मीटर. ढगाळ सकाळी हवेचा दाबच सरकतो, तेव्हा निघालेल्या ठिकाणी परत येऊन उंची तीच दिसते का बघायचं.

२० एप्रिल

उन्हाळ्याची फेरतपासणी. तीच सायकल, हवा जानेवारीतल्या ४० पीएसआयची, मध्ये फक्त गळतीपुरती भरलेली. सकाळी उशिरा, ३६ अंश. गेजवर ४४ पीएसआय. हिशोबानेही तेच येतं: हवेच्या दाबासह ५४.७, तापमान २८७ वरून ३०९ केल्व्हिन, म्हणजे ५८.९, त्यातून १४.७ वजा. टायर ताठ झाला, कमी दबतो. २०० मीटरला ९७ फेरे १२ स्पोक. परीघ २.०५४८. जानेवारीचा परीघ वापरून वळसा मोजला असता तर १.४ मीटर आखूड आला असता.

नव्या परिघाने वळसा: ४०५ फेरे २७ स्पोक, ८३३.७ मीटर. जुना आकडा कायम.

गटात सर्वांचाच पेस मंदावलाय, १२:०० चे १२:२० ते १२:४०. अंतर तपासलेलं आहे, घड्याळाचा गुणक तपासलेला आहे, म्हणजे हा फरक खरा आहे आणि तो उन्हाचा आहे. वहीत तापमानाचा रकाना वाढवला. निघायची वेळ ५:३०. मेमधला पेस जानेवारीशी ताडायचा नाही, पुढच्या मेशी ताडायचा.

२७ एप्रिल

पिवळ्या खुणांवर दुसरा हात मारला. टाकीसमोरच्या रस्त्याचं डांबरीकरण होणार आहे, खिळे झाकले जातील. प्रत्येक खिळ्याचं अंतर दोन पक्क्या खांबांपासून टेपने घेऊन वहीच्या मागच्या पानावर आकृतीसह लिहिलं: सुरुवातीचा खिळा विजेच्या खांबापासून १.८४ मीटर, टाकीच्या फाटकाच्या डाव्या कोपऱ्यापासून ६.३७ मीटर. १ किमीच्या खुणेची मोजमापं उरलीत, ती डांबर पडण्याआधी घ्यायची.